डॉल्बीमुक्त गणपती, डॉल्बीयुक्त हॉल

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत सध्या जे चाललंय ते सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बी नको म्हणून ज्यांनी दारोदार सह्या गोळा केल्या, चौकीवर निवेदन दिलं, ‘ढोल-ताशा हीच आपली संस्कृती’ असं व्हॉट्सॲपवर सकाळ-संध्याकाळ बजावलं, त्याच मंडळींच्या घरी दिवाळीच्या सेलमध्ये साउंडबारच्या रूपानं डॉल्बी आली. तीही राजरोस! खोक्यावर ठसठशीत नाव छापलेलं, लिफ्टमध्ये आडवं मावेना म्हणून वॉचमननं जिन्यानं चढवलेलं. आणि हे सगळं कशासाठी, तर टीव्हीच्या पाठीमागे लोंबणाऱ्या तळहाताएवढ्या स्ट्रीमिंग डब्यातला सिनेमा ‘थेट थिएटरसारखा’ ऐकायला.

बरं, आली ती आली. वाजली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती. पण वाजेचना!

ज्याच्या नावाचा हा सगळा गजर, तो रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्या चंदीगडला होता, हे या मंडळींच्या गावीही नसेल. इथून गेल्यावर १९६५ मध्येच त्यानं लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर घालवण्याच्या तंत्रावर. म्हणजे नको तो आवाज कमी करणारा माणूस! त्याच्या नावानं आपण ट्रॅक्टरवर स्पीकरच्या भिंती रचल्या आणि कोल्हापूर-सांगलीपासून पुण्यापर्यंत खिडक्यांची तावदानं हलवली. आमच्या सोसायटीनं मात्र त्याला न्याय दिला म्हणायचा. इथे डॉल्बी आल्यापासून अर्ध्या घरांत निःशब्द शांतता आहे.

सुरुवात ए विंगमधल्या निवृत्त बँक मॅनेजरकाकांपासून झाली. डबा टीव्हीला, टीव्ही साउंडबारला, सगळं जागच्या जागी. रिमोट दाबला की पडद्यावरच्या चौकोनांवरून फिरताना छान टिकटिक ऐकू येते. सिनेमा लावला की चिडीचूप. नायक तोंड हलवतोय, काकू ओरडतायत, बार गप्प. काकांनी बार बदलून आणला. नवा बारही गप्प. मग काय, ‘कंपनीच फसवी’ असा ठराव जिन्यात मंजूर झाला.

कंपनी बिचारी निर्दोष होती हो. टिकटिक वाजते, कारण मेनूचा आवाज साधा, दोन चॅनेलचा, न बांधलेला असतो. त्याला पीसीएम म्हणतात आणि तो कुठल्याही बारला कळतो. सिनेमाचा आवाज मात्र ५.१ चॅनेलचा, गाठोडं बांधून पाठवलेला. स्ट्रीमिंगवाले हे गाठोडं बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या पद्धतीनं बांधतात. बार जुन्या किंवा स्वस्त घराण्यातला असला तर त्याला ते सोडवताच येत नाही आणि तो मौन धरतो. डब्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचं जे पान असतं, तिथे सराउंड काढून पीसीएम किंवा स्टीरिओ निवडलं की गाठोडं डब्यातच सुटतं आणि नायकाला कंठ फुटतो. काकांना हे सांगितलं तर काय म्हणावं त्यांनी? ‘म्हणजे मग डॉल्बी कुठे राहिली?’ आवाज नाही चालेल, पण डॉल्बी पाहिजे!

याहून धक्कादायक प्रकार तिसऱ्या मजल्यावर घडला. सांगू का नको? सांगतेच. तिथल्या वहिनींनी ऑप्टिकल केबल मागवली. ही केबल म्हणजे तोशिबानं १९८३ मध्ये बाजारात आणलेली चीज. तिच्यातून वीज नाही, लाल उजेड जातो आणि त्या उजेडाच्या लुकलुकण्यातून आवाज पोचतो. टोकाला धूळ बसू नये म्हणून कंपनी पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपणं घालून देते. वहिनींनी टोपणासकट केबल खुपसली. बसेना तशी जोर लावून खुपसली. त्यांचे यजमान फॅक्टरीत मेंटेनन्स बघतात, त्यांनी तर वर पक्कड वापरली! साउंडबारचं नाजूक झाकण आतल्या आत मोडलं. आता ही मंडळी सगळ्यांना सांगत सुटली आहेत की उजेडातून आवाज येणं हे थोतांड आहे.

तुमच्याकडे तसली केबल असेल तर एवढंच करा: टोपण काढा, टीव्ही चालू ठेवा आणि मोकळं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर टीव्ही आपलं काम करतोय, दोष पुढे कुठेतरी आहे. नाही दिसला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल आउटपुट चालू करायचं राहिलंय किंवा केबल कोपऱ्यात वळवताना मोडली आहे. फर्निचरवाल्यानं ती पायाखाली दाबून काटकोनात वळवलेली असते, आणि काच असो की प्लास्टिक, उजेडाला काटकोन मानवत नाही.

पण खरा तमाशा ॲटमॉसचा. हा डॉल्बीचाच थोरला अवतार. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या ॲनिमेशनपटाबरोबर तो थिएटरात आला आणि त्याच वर्षी रजनीकांतच्या ‘शिवाजी’च्या थ्रीडी आवृत्तीतून भारतातही पोचला. यात आवाज डोक्यावरूनही येतो. घरी त्यासाठी छतात स्पीकर बसवतात किंवा बारमधले स्पीकर वर तोंड करून छतावर आवाज आपटतात आणि तो खाली येतो. त्याला सपाट, टणक छत लागतं. आमच्याकडे छताला काय आहे? पीओपीची तीन मजली महिरप, मधोमध झुंबर आणि त्याच्या शेजारी गरगरणारा पंखा! आवाज बिचारा वर जातो आणि महिरपीत हरवतो. तरी सी विंगमधले आयटीवाले जावईबापू पाहुण्यांना सोफ्यावर बसवून विचारतात, ‘पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटला ना?’ पाहुणे जेवायला आलेले असतात. ते काय म्हणणार?

त्यात जावईबापूंनी बार जोडलाय ऑप्टिकलनंच. आता ही केबल फार तर साधं जुनं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ नेते. डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही, मग त्यावर स्वार होऊन येणारा ॲटमॉस कुठून जाणार? पण पडद्यावर सिनेमाच्या नावाखाली ॲटमॉसचा शिक्का झळकतो ना, तेवढ्यावर घर खूश. तो शिक्का फक्त एवढंच सांगतो की सिनेमा त्या रूपात उपलब्ध आहे. तुमच्या कानापर्यंत काय पोचलं, ते बारच्या स्वतःच्या दिव्यावर किंवा पट्टीवर उमटतं. तिथे पीसीएम दिसत असेल तर डोक्यावर पडलेला पाऊस तुमच्या मनातला.

यावर उपाय एचडीएमआयचा आहे, पण तिथेही भानगडी. टीव्हीमागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात, त्यातल्या एकावरच आर्क लिहिलेलं असतं. आवाज टीव्हीकडून बारकडे उलटा पाठवायची ही सोय २००९ पासूनची. लोक ज्या भोकात हात पोचेल त्यात केबल घालतात आणि मग दुकानदाराला फोन करतात. भोक बरोबर असलं तरी टीव्हीत आणखी एक सेटिंग चालू लागतं, ज्यानं ही यंत्रं एकमेकांना ओळखतात. तेही सरळ नावानं नसतं. सॅमसंगवाल्यांकडे ते ॲनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं की बार बोलतो आणि त्याबरोबर घरातलं सत्तांतरही होतं. डब्याचा रिमोट दाबला की टीव्ही उठतो, टीव्ही बंद केला की बार झोपतो, आणि नातवानं त्याच टीव्हीला लावलेला गेमिंग कन्सोल सुरू केला की आजीची मालिका गायब होऊन पडद्यावर बंदुका येतात. बी विंगमधल्या आजींनी या कारणावरून नातवाशी अबोला धरलाय.

पुढचा ई-आर्क २०१७ मध्ये आला. त्याचा रस्ता कितीतरी रुंद. साध्या आर्कमधूनही स्ट्रीमिंगचा दाबून बसवलेला ॲटमॉस जातो, हे सी विंगला कुणीतरी कळवा. मात्र ब्लू-रे डिस्कवरचा काहीही न गमावता बांधलेला आवाज ई-आर्कशिवाय हलत नाही. ॲपल टीव्ही फोर-केसारखे काही डबे ॲटमॉस स्वतःच उलगडून पाठवतात, त्यांनाही टीव्हीमार्गे जायचं तर साधारणपणे ई-आर्कच लागतो.

या सगळ्यात टीव्हीची भूमिका लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाची. डब्याकडे काय आहे आणि बारला काय झेपतं, हे दोन्हीकडे नीट सांगणं त्याचं काम. पण काही मध्यस्थ जसे आपल्या मनानं ‘मुलगी गाते’ असं ठोकून देतात, तसा टीव्हीही डब्याला कधी भलतंच कळवतो. डब्याचं सेटिंग ऑटोवर असलं की तो या सांगोवांगीवर विसंबतो आणि न झेपणारा आवाज धाडतो. म्हणून ऑटोवर माझा काडीचा विश्वास नाही. जावईबापू म्हणतात, ‘काकू, ऑटो म्हणजे इंटेलिजंट असतं.’ असेल! मग शुक्रवारी रात्री अख्खा मजला गोळा करून मॅन्युअलमध्ये काय शोधत होतात?

मध्यस्थाची गाडी रुळावर आणायचा एक साधा उपाय आहे, तो मी सगळ्यांना फुकट सांगते. टीव्ही, बार आणि डबा, तिघांचे प्लग भिंतीतून काढायचे. रिमोटनं बंद करणं म्हणजे बंद नव्हे. मिनिटभर थांबून आधी टीव्ही, मग बार, शेवटी डबा सुरू करायचा, म्हणजे तिघांची ओळखपरेड पुन्हा होते. आमच्या इमारतीतली निम्मी घरं एवढ्यानं बोलायला लागली. उरलेल्यांना प्लग काढायला सोफा सरकवावा लागतो, म्हणून ती गप्प आहेत.

आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची, तपकीर गल्लीची मोहीम! जुना चांगला ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर घरात असलेले आमचे एक शास्त्रीय संगीतवाले दादा बुधवार पेठेत जाऊन डिजिटलचं ॲनालॉग करणारी काडेपेटीएवढी डबी घेऊन आले. आल्याआल्या जोडली. भीमसेनजींच्या तंबोऱ्याऐवजी खर्रर्र! दादांना वाटलं, स्पीकर फाटले. खरं तर त्या डबीला पीसीएमच कळतं. तिच्यात डॉल्बीचं गाठोडं ओतलं की ती एक तर गप्प बसते किंवा असा आकांत करते. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटचं सेटिंग पीसीएमवर आणल्याबरोबर सगळं सुरात आलं. सोसायटीत आज सर्वांत गोड आवाज त्यांच्याकडे येतो, हे बोलून दाखवायची हिंमत मात्र कोणात नाही. दोन स्पीकर आणि डॉल्बीचं नावही नाही! शोभतं का ते?

ओठ आणि आवाज यांची फारकत झाली तर बारमध्ये किंवा टीव्हीत लिप सिंक नावाचं सेटिंग असतं. त्यानं आवाज मिलिसेकंदांनी मागे ढकलता येतो. आवाज आधीच मागे पडत असेल तर ते शून्यावर आणा.

संवादांचं गाऱ्हाणं मात्र घरोघरी आहे आणि तिथे मी गृहिणींच्या बाजूनं उभी आहे. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. दोनच स्पीकर असलेल्या बारमध्ये सहा चॅनेल कोंबले की स्फोट जोरात आणि आईचे हुंदके पुटपुटल्यासारखे. मग हुंदक्यांसाठी आवाज वाढवायचा आणि स्फोटाला धावत जाऊन कमी करायचा. बारवर नाइट मोड किंवा डायलॉग नावाचं बटण असतं ते दाबा, मोठे आवाज खाली येतात आणि बोलणं वर. पण बारवाल्या पुरुषांना हे बटण दाबणं म्हणजे शरणागती वाटते. ‘डिरेक्टरला अपेक्षित असलेला इफेक्ट जातो’ म्हणे! डिरेक्टर काय खालच्या मजल्यावर राहतो?

खालच्या मजल्यावर मी राहते. सबवूफरचा ठोका स्लॅबमधून सरळ माझ्या देवघरात उतरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि हाच आकडा निवेदनात लिहिताना काकांनी स्वतःच्या हातानं लाल पेनानं अधोरेखित केला होता. ती प्रत सोसायटीच्या ऑफिसात फायलीला लावलेली आहे. मी फक्त एवढंच म्हणते.

तुमच्याकडे अजून डॉल्बी आलेली नसेल तर पुढचा सेल लागायच्या आत टीव्ही जरा पुढे ओढून पाठीमागे बघा: तिथे आर्क लिहिलंय, ई-आर्क लिहिलंय की नुसती ऑप्टिकलची चौकोनी खिडकी आहे. त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन दुकानात जा, आणि दुकानदार ‘साहेब, सगळ्याला चालतं’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.