लुमेनराव

भर दुपारी, डांबर वितळवणाऱ्या उन्हात, एखाद्या मोटरसायकलच्या क्रॅश गार्डवर चार काळे चौकोनी दिवे दिसले आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून मापानं शिवून घेतलेल्या टोप्या दिसल्या, की गाडीचा मालक आसपासच आहे असं समजावं. तो लांब जात नाही. मिसळ खायला बसला तरी गाडी दिसेल तीच खुर्ची धरतो. तुमची नजर त्या दिव्यांवर जराशी रेंगाळली, की रस्सा अर्धा टाकून तो बाहेर येतो. अशा वेळी ‘हे फॉग लॅम्प का हो?’ असं चुकूनसुद्धा विचारू नये. कारण त्यांतले दोनच फॉग असतात, उरलेले दोन ड्रायव्हिंग. दोन्हींतला फरक ऐकून होईपर्यंत तुमची मिसळही गार होते.

यांचं खरं नाव काहीही असू शकतं. आमच्या सोसायटीत आम्ही त्यांना लुमेनराव म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला, मुलगा दहावीत, गृहकर्ज निम्मं फिटलेलं. लहानपणी प्रत्येक निकालाला वडिलांनी ‘काय दिवे लावलेत?’ असं विचारलेलं. आज वडील असते, तर त्यांना सविस्तर उत्तर मिळालं असतं: वीस वॅटचे दोन स्पॉट, वीस वॅटचे दोन फ्लड, सगळे रिलेवरून.

लुमेनरावांचं पहिलं दुःख म्हणजे कंपनीनं दिलेला हेडलाइट. त्याला ते ‘समई’ म्हणतात. जुन्या गाडीत एच-फोर बल्ब होता, अप्परला साठ वॅट आणि डिप्परला पंचावन्न. नव्या गाडीत एलईडी आहे, पण समईचं नाव बदललेलं नाही. यावर आपण ‘दिसतं की बरं’ म्हणालो, तर ते खिशातून पेन काढतात. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी मेंदूला आणि मेंदूनं पायाला कळवेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे तेहतीस मीटर गेले. ब्रेक लागल्यावर आणखी चाळीसेक. झाले पंचाहत्तर. आणि डिप्परचा कामाचा उजेड किती? पन्नासेक मीटर. “उरलेले पंचवीस मीटर तुम्ही देवाच्या भरवशावर चालवता,” असं म्हणून ते पेनाला टोपण लावतात.

हिशोबात खोट काढता येत नाही. साखर कारखाने सुरू झाल्यावर सातारा-सांगलीकडच्या रस्त्यावरून रात्री ज्यानं गाडी चालवली आहे, त्यानं तर काढूच नये. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं बाहेरपर्यंत फुललेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांच्या आड गेलेला. ही ट्रॉली पन्नास मीटरवर दिसणं आणि दीडशे मीटरवर दिसणं यांत आयुष्यभराचं अंतर आहे. लुमेनरावांची थट्टा करताना हे मी विसरत नाही.

थट्टेचा भाग पुढे आहे. लुमेनराव रात्री गाडी चालवत नाहीत.

त्यांच्या ग्रुपचा तसा नियमच आहे. पहाटे पाचला निघायचं, दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. महाबळेश्वर असो, आंबोली असो की लडाख. नियम कोणी केला? लुमेनरावांनीच. कारण रात्री गाडी चालवणं धोक्याचं असतं, हे त्या पंचाहत्तर मीटरच्या हिशोबानं त्यांनीच सर्वांना पटवून दिलेलं आहे. दिव्यांच्या वाट्याला येतो तो पहाटे पाच ते पावणेसहा एवढाच काळोख, आणि त्यातला निम्मा रस्त्यावरच्या दिव्यांखालून जातो.

दिवे घ्यायचे तर नाना पेठेत. इंटरनेटवर सगळं मिळतं, पण तिथे घासाघीस करता येत नाही आणि वस्तू हातावर जोखता येत नाही. लुमेनराव दिवा हातात घेऊन आधी वजन बघतात. दिवा जड हवा. एलईडी तापतो, तापला की मंदावतो, म्हणून पाठीला ॲल्युमिनियमच्या जाडजूड पट्ट्या हव्यात. खोक्यावर ‘बारा हजार लुमेन’ असं छापलेलं असतं. ते वाचून लुमेनरावांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते पंचांगातल्या चुका काढणाऱ्या गुरुजींच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे. “वीस वॅटचा दिवा. वॅटमागे शंभर-सव्वाशे धरा. दोन-अडीच हजाराच्या वर जाईल कसा?” दुकानदार वाद घालत नाही. “साहेब, ते खोक्यावर आहे. मी कुठं म्हणालो?”

मग लुमेन सोडून लक्सवर यायचं. दिव्यातून एकूण उजेड किती निघतो ते लुमेन, आणि नेमक्या जागी किती पडतो ते लक्स. अंतर दुप्पट झालं की लक्स चौथाईवर येतो. त्यामुळे ‘तीनशे मीटर मारतो’ या वाक्याला अर्थ नसतो. तीनशे मीटरवर किती लक्स, ते विचारायचं. कंपन्या बहुधा एक लक्सचं अंतर छापतात, आणि एक लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट, एवढंच. हे सगळं चालू असताना मागे तीन गिऱ्हाइकं क्लच केबल घेऊन निघूनही गेलेली असतात.

दिवे घरी आले, की रविवार उजाडतो. वायरमनकडे गाडी द्यायची नाही. तो हेडलाइटची चालू वायर सोलून तिथेच जोड मारतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि ‘काय होत नाही, साहेब’ म्हणतो, असं लुमेनरावांचं म्हणणं. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई पसरली जाते. सीट निघते, टाकी निघते. नट एका वाटीत, वॉशर दुसऱ्या वाटीत. दोन्ही वाट्या चांदीच्या भिशीतून आलेल्या, आणि वहिनींना हे दुपारी कळतं.

वायरिंगचं मर्म रिलेत आहे. हँडलवरचा स्विच म्हणजे साहेब. तो नुसती मान हलवतो. ओझं उचलतो तो रिले. स्विचमधून जेमतेम पाव अँपियरभर वीज जाते, तेवढ्यानं आतलं वेटोळं चुंबक होतं, पट्टी खेचतं आणि बॅटरीचा खरा प्रवाह जाड वायरीतून थेट दिव्यांकडे सुटतो. चार दिवे मिळून ऐंशी वॅट, म्हणजे पावणेसात अँपियर. फ्यूज दहाचा, आणि तोही बॅटरीला खेटून. रिलेच्या पायांचे आकडे जर्मन मानकातले, तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. मुलाचा परीक्षेचा क्रमांक लुमेनरावांना तोंडपाठ नसेल, पण सत्त्याऐंशीवर काय लावायचं हे झोपेत विचारा.

या साऱ्या खटाटोपात मला नेमून दिलेलं काम मोबाइलची बॅटरी धरण्याचं असतं. जगाला उजेड दाखवायला निघालेल्या माणसाला टाकीखालचं काळं टोक दिसत नसतं. “अरे, इकडं धर. माझ्या डोळ्यांत नको.” ही तक्रार समोरून येणारा अख्खा महामार्ग लुमेनरावांबद्दल करू शकला असता, पण ते तसे नाहीत. ते रिलेची चावी अप्परच्या वायरीवरून घेतात. समोरून गाडी आली, डिप्पर मारला, की स्पॉट आपोआप बंद. डोळे दिपवून पुढे जाणारे ते वेगळे: वायरमनकडून ‘डायरेक्ट’ करून घेतलेले, हँडलएवढ्या उंचीवर आकाशाकडे तोंड केलेले, वर निळ्या-लाल लुकलुकीची हौस असलेले. त्यांच्यामुळे लुमेनराव बदनाम आहेत. नाक्यावर हवालदार दोघांनाही सारखंच थांबवतो. तिथे लुमेनराव मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढतात. नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करू नये, असं ते कलम म्हणतं. मग आरसीवर दिव्यांचा उल्लेख कुठं आहे ते दाखवा! हवालदार कायदा ऐकतो, दिव्यांवरच्या टोप्या बघतो आणि बहुतेक वेळा नुसतं ‘जावा’ म्हणतो.

जोडणी संपली, शेवटचा झिप टाय आवळला, की बटण दाबलं जातं. आधी रिलेची टक् ऐकू येते, मग उजेड. लुमेनरावांचं लक्ष उजेडाकडे नसतं. ती टक् ऐकायला ते बटण पाच-सात वेळा दाबतात.

यानंतर रात्री झोताची पातळी लावायची. हा भाग जाणून घेण्यासारखा आहे, कारण नव्वद टक्के लोक दिवे लावतात आणि पातळी लावत नाहीत. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर सरळ उभी करायची. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टी लावायची. झोताचा मध्य त्या पट्टीच्या दोन बोटं खाली पडला पाहिजे. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत, फार खाली आला तर आपल्याच चाकापुढं. पण गाडी रिकामी असून चालत नाही. मागे माणूस आणि सामान आलं, की मागचं सस्पेन्शन दबतं, तोंड वर होतं आणि झोत आभाळाला लागतो.

म्हणून दोन्ही बाजूंच्या पेट्यांत तांदळाची पोती आणि पाण्याचे कॅन भरले जातात, आणि मागच्या सीटवर वहिनी बसतात. हेल्मेट घालून. हेल्मेटचंही वजन असतंच ना.

रात्री साडेनऊला जेवून शतपावलीला उतरलेल्या मंडळींना दिसतं ते असं: नवरा-बायको लादलेल्या गाडीवर बसलेले, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी.

“काय, कुठं निघालात?”

“कुठं नाही,” वहिनी हेल्मेटच्या आतून म्हणतात.

“परतताय का मग?”

“नाही. वजन आहे मी.”

पहिल्या खेपेला झोत भिंतीवरून निसटला तो समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या काकू लवकर झोपतात. उजाडलं असं समजून त्यांनी उठून थायरॉइडची गोळी घेतली आणि चहाचं आधणही ठेवलं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय ‘इतर’मध्ये होता.

पातळी लागली, आता दिवे बघायचे. त्याला अंधार लागतो, आणि अंधार पुण्यात मिळत नाही. पूर्वी चांदणी चौक ओलांडला की मिळायचा म्हणतात. आता पिरंगुटपर्यंत मंगल कार्यालयं, पुढे प्लॉटिंगच्या कमानी, प्रत्येक कमानीला रोषणाई. अंधाराच्या शोधात लुमेनराव मुळशी ओलांडून ताम्हिणीपर्यंत गेले. एक मोक्याचं वळण हेरलं, इंजिन बंद केलं, काळोख डोळे भरून पाहून घेतला. तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. तिच्यावर चार दिवे होते. मग आणखी एक आली, तिच्यावर सहा. थोड्या वेळानं समोरच्या डोंगराला एवढ्या जणांचे झोत भिडले, की कोणाचा कुठला ते ओळखू येईना. तिथेच पांढरा विरुद्ध पिवळा हा वाद पेटला.

लुमेनराव कट्टर पांढरे. सहा हजार केल्व्हिन. पिवळा धुकं कापतो, हा त्यांच्या मते आजीच्या बटव्यातला समज. शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे: धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगापेक्षा इतका मोठा असतो, की तो पांढऱ्याला काय, पिवळ्याला काय, सारखंच उधळून लावतो. पिवळ्या पक्षाकडे फ्रान्स आहे. तिथे १९३६पासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, आणि अख्खा देश वेडा नव्हता. पिवळा डोळ्यांना कमी टोचतो, परत येणारा झगमगाट सुसह्य होतो, एवढं तरी खरं माना, असं तो पक्ष म्हणतो. लुमेनराव एवढंही मानायला तयार नव्हते. पहाटे दोन वाजता सगळे आपापला रंग घेऊन परतले.

जूनच्या सुरुवातीला वहिनींनी काजवे बघायला जायचं काढलं. वळवाची एखादी सर पडली, की भंडारदऱ्याच्या जंगलात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असली झाडं काजव्यांनी लखलखतात. लुमेनराव काजवे बघायला आठ-दहा हजार लुमेन घेऊन निघाले. दिवे बघायची ती रात्र सोडली, तर ही एकच वाट रात्रीची होती, आणि वहिनींनी काढली म्हणून ग्रुपचा नियम मोडला. आम्ही मागून मोटारीनं. राजूर सोडल्यावर ते दिवे पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या काळोखावर पडले, आणि खरं सांगतो, रस्त्यातली दोन कुत्री, एक वळण आणि एक न रंगवलेला स्पीडब्रेकर मला माझ्या मोटारीच्या दिव्यांत दिसायच्या किती तरी आधी त्यांच्या दिव्यांत दिसले.

गावाच्या अलीकडे पोरांनी हात करून थांबवलं. “ओ साहेब, लाइट बंद करा! काजवं बुजत्यात.” लुमेनरावांनी बटण दाबलं. टक्. चार गेले. हेडलाइट राहिला. तो बंद होत नाही. एप्रिल २०१७पासूनच्या दुचाकींना इंजिन चालू असेतो हेडलाइट चालूच राहावा असा नियम आहे, हे लुमेनराव त्या पोरांना समजावून सांगू लागले. पोरांनी किल्लीकडे बोट दाखवलं.

पुढे चालत गेलो. एका सादड्यावर हजारो ठिणग्या एका तालात पेटत-विझत होत्या. सगळे गप्प झाले. लुमेनराव झाले नाहीत.

“हीटसिंक नाही,” ते कुजबुजले. “एवढा उजेड, आणि ताप अजिबात नाही.” मग काही वेळानं, जरा मोठ्यानं: “आणि पिवळा आहे.”

तो हिरवट होता. पण मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी नाना पेठेतून चार पिवळी झाकणं आली. झाकणं बसवायला दिवे सोडवावे लागले, म्हणजे पातळी पुन्हा लावणं आलं. रात्री साडेनऊला वहिनी कुणी न बोलावता हेल्मेट घालून खाली उतरल्या. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि एक ताट. मागच्या सीटवर बसून त्यांनी दोन्ही जुड्या निवडून संपवल्या, देठ वेगळे केले, तरी डावा दिवा अजून दोन बोटं वरच होता.