दुब्यांची बोलणी

मराठी शोकसभेचा एक ठरलेला साचा आहे. हार घातलेला फोटो, त्यापुढे उदबत्ती, माइक चालू आहे का हे टिचक्या मारून पाहणारे एक गृहस्थ, आणि पहिल्याच वक्त्याच्या तोंडून निर्माण होणारी पोकळी. चौथा वक्ता उठेपर्यंत ती कधीही भरून न येणारी झालेली असते. नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे २५ डिसेंबर २०११ला गेले, तेव्हा मात्र अंधेरी-जुहूकडची नाटकवाली मंडळी जिथे भेटतील तिथे वेगळंच चाललेलं. कुणाला किती वेळा तालमीतून हाकललं, कुणाला चारचौघांत काय काय ऐकवलं, याची चढाओढ लागली होती. ज्याला दुब्यांनी आयुष्यात एकदाच झापलं होतं, तो बिचारा खालमानेने चहा पीत होता.

माझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मी प्रेक्षक. पण बोरिवलीचा माझा एक मित्र नव्वदच्या दशकात दुब्यांच्या हाताखाली काही काळ होता, आणि त्याने खाल्लेली सगळी बोलणी त्याच रात्री माझ्यापर्यंत पोचायची. त्यामुळे दुबे माझेही कोणीतरी लागत होते, असं मी समजून चालतो.

दुबे मूळचे बिलासपूरचे. मुंबईत आले ते क्रिकेटपटू व्हायला. क्रिकेटचं नशीब थोर म्हणून ते नाटकाकडे वळले. पंचांशी त्यांचं एक षटकभरही पटलं नसतं. १९६२मध्ये इब्राहिम अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालय सांभाळायला दिल्लीला गेले आणि मुंबईतली त्यांची नाट्यसंस्था ‘थिएटर युनिट’ दुब्यांच्या हाती आली. धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ मुळात रेडिओसाठी लिहिलेलं. ते त्यांनी रंगमंचावर उभं करून दाखवलं. मग तेंडुलकर, कर्नाड, बादल सरकार, मोहन राकेश! चार भाषांतल्या नाटककारांना एकाच हट्टी माणसाने हिंदी रंगभूमीवर एका पंगतीला बसवलं. १९७१मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा मराठी चित्रपट कुणी दिग्दर्शित केला? याच हिंदी भाषक गृहस्थाने. तेंडुलकर पार्ल्यात, दुब्यांची बैठक पुढे जुहूत. मधलं अंतर रिक्षाचं, पण त्या दोघांनी मराठी नाटक केवढं लांब नेलं.

शिष्यांत अमरीश पुरी होते. विमा महामंडळात नोकरी करणारा, धिप्पाड, खर्जातल्या आवाजाचा माणूस. दुबे त्यांच्यापेक्षा जवळजवळ चार वर्षांनी लहान, आणि अंगापिंडानेही त्यांच्यापुढे किरकोळ. तरी पुरी त्यांना गुरू मानत आणि उघडपणे तसं सांगत. पुढे ज्या मोगॅम्बोला खूश करायला अख्खी टोळी धडपडायची, त्याला तालमीत मान खाली घालून सूचना ऐकताना बघायला मला फार आवडलं असतं. अमोल पालेकर चित्रकार म्हणून जे. जे.तून बाहेर पडले होते, त्यांनाही नाटकात ओढलं ते दुब्यांनीच. शांता गोखल्यांनी खानोलकरांचं ‘अवध्य’ इंग्रजीत आणलं, तेही दुबे मागे लागले म्हणून. पुढे गोखल्यांचं ‘अविनाश’ दुब्यांनी मराठीत बसवलं. ‘मागे लागले’ हे मी सौम्यपणे म्हणतोय. दुबे मागे लागत म्हणजे काय, हे पठाणी व्याजाने कर्ज घेतलेल्या माणसालाच नीट कळेल.

त्यांचा सगळा जीव बोलण्यात. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याचा अर्थ कुठे वळतो, शब्दाचं शेवटचं अक्षर प्रेक्षकांच्या मागच्या रांगेपर्यंत पोचतं की नाही. आपल्याकडे वाक्य सुरू होताना ढोलताशे आणि संपताना फुसकी लवंगी, ही नटांची जुनी खोड. माझ्या मित्राला सांगितलं गेलं होतं की लांबलचक वाक्य एका श्वासात, शेवट न पाडता म्हणायची सवय कर. घरी चाळीत ते जमेना. शेजारच्या काकू भांडण समजून दारात यायच्या. म्हणून त्याने बोरिवली-चर्चगेट लोकल धरली. मालाडहून गाडी हलली की वाक्य सुरू, आणि फलाटाचं टोक मागे पडेपर्यंत श्वास नाही. गोरेगावला पुन्हा तेच. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे छताच्या पंख्यावर. पहिल्याच आठवड्यात एका सहप्रवाशाने त्याला दम्याच्या वैद्याचा पत्ता लिहून दिला. डब्यात भजनी मंडळ होतं, त्यातल्या बुवांनी दोन दिवस निरखून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काही न विचारता त्याच्या हातात टाळ दिले.

तेवढं करूनही बोलणी बसलीच. पण बोलणी बसली त्या दिवशी हा कसा चमकत घरी यायचा! दुबे काहीच बोलले नाहीत की त्याचा चेहरा उतरायचा. ज्याच्याकडून काही होण्यासारखं नाही त्याच्यावर दुबे आवाज खर्च करत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाने ओळखलेलं होतं. मला वाटतं, इतरांच्या शिव्या आपण विसरतो आणि दुब्यांच्या शिव्या लोक जपून ठेवतात, त्याचं कारण हेच. त्या शिव्यांत स्वतःचा फायदा नव्हता. शिकवायचं, भांडायचं, नाटक बसवायचं, आणि त्यातून पैसा म्हणाल तर नाव घेऊ नका. पैसे यायचे ते थोडेफार सिनेमातून. बेनेगलांच्या ‘अंकुर’चे संवाद त्यांचे. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून निघालेल्या ‘भूमिका’च्या पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक बेनेगल आणि कर्नाडांबरोबर दुब्यांनाही मिळालं. दिलीप चित्र्यांच्या ‘गोदाम’मध्ये तर त्यांनी कामही केलं. त्यांचं सगळंच मला आवडलं असं नाही. त्यांनी स्वतः लिहिलेली काही नाटकं बघताना मी खुर्चीत बरीच चुळबुळ केली आहे. पण बाहेर पडल्यावर तसं म्हणायला मित्राला आवडायचं नाही आणि मला धीर व्हायचा नाही, कारण कॅफेत लेखक स्वतः बसलेले असायचे.

पृथ्वी थिएटरचा कॅफे म्हणजे त्यांचं घरच. १९७८मध्ये जुहूच्या जानकी कुटीरमध्ये ते थिएटर उभं राहिलं: जेमतेम दोनशे माणसांचं, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, त्यामुळे नटाला खोटं बोलायला एकही कोपरा नाही. अंधेरी स्टेशनहून रिक्षा मिळवायची, एस. व्ही. रोडवर अडकायचं, नाटक सुरू झालं की दार बंद होतं म्हणून शेवटचा टप्पा धावत गाठायचा, आणि मग घामाघूम होऊन दुब्यांच्या टेबलाला वळसा घालून आत शिरायचं. २०११ला पद्मभूषण मिळालं, तरी बसायची जागा काही बदलली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथेच त्यांना झटका आला. मग तीन महिने ते बेशुद्ध होते. इतकं सलग मौन त्यांनी आयुष्यात कधी पाळलं नसेल.

चेतन दातार हा त्यांचा शिष्य २००८मध्येच गेला होता, गुरूच्या आधी. ही एक गोष्ट मित्र कधी रंगवून सांगत नाही.

मित्र आता बँकेतून निवृत्त झाला आहे. दर मे महिन्यात बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात मुलांचं नाट्यशिबिर घेतो. गुरूची पद्धत त्याला जशीच्या तशी वापरता येत नाही. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुलांना रागावायचं तेसुद्धा आधी कौतुकाचं एक वाक्य बोलून, आणि शेवटी हसरा चेहरा टाकून. परवा त्या ग्रुपवर एका आईने लिहिलं की, सर, आमचा मुलगा हल्ली जेवतानाही एका दमात बोलतो, मध्ये थांबतच नाही, आणि कालपासून धाकट्या बहिणीला ‘शेवट पडला, पुन्हा म्हण’ असं ओरडतो आहे, तेव्हा कृपया लक्ष घालावे.

मित्राने तो मेसेज मला पाठवला, आणि लगेच फोन करून वाचूनही दाखवला. एका श्वासात.