नळाला मालक ढीगभर, नदीला कोण?

पालघरहून मनोरकडे निघालं की वाघोबा खिंड ओलांडून पुढे मासवणला सूर्या नदीचा पूल लागतो. गेल्या आठवड्यात तिथे गाडी लावून खाली उतरलो. काठावर एक बाई धुणं आपटत होत्या. पाणी त्यांच्या घोट्याला लागत होतं. शेजारच्या खडकावर, गुडघ्याच्याही वर, ओली खूण होती. "सकाळी इथवर होतं," त्या म्हणाल्या. "वरून बंद केलं की उतरतं. कधी सोडतात, कधी बंद करतात, आम्हाला कोण सांगणार?"

प्रश्न साधा आहे आणि तो मला विचारून उपयोग नव्हता. पण विचारायचा तरी कोणाला? आपल्या पालघर जिल्ह्यात एक जिल्हा परिषद आहे, आठ पंचायत समित्या, ४७३ ग्रामपंचायती, तीन नगर परिषदा, चार नगर पंचायती आणि एक महानगरपालिका. शिवाय पाटबंधारे खातं, एमआयडीसी, सिडको, एमएमआरडीए. पाणी यांतल्या प्रत्येकाला हवं आहे. नदी सांभाळणं मात्र यांतल्या एकाचंही काम नाही.

नकाशा एकदा समोर घ्या. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवते आणि मोखाडा-वाड्याकडून खाली येते. वाटेत तिला पिंजाळ, देहरजी, सूर्या, तानसा मिळतात आणि अर्नाळ्याच्या बाजूला ती समुद्रात जाते. जिल्ह्याचा मोठा भाग या एका खोऱ्यात बसतो. मोखाड्यात डोंगर बोडका झाला की माती खालच्या धरणात येते. वर पाणी अडवून नळात घातलं की खाली भरतीचं खारं पाणी आत सरकतं. नदीला तालुक्याची हद्द कळत नाही. हे कळायची गरज आपल्याला आहे, पण आपण हद्दीपलीकडे पाहत नाही.

आता सूर्येचंच घ्या. डोंगरात धामणी धरण, त्याच्या खाली कवडासचा उन्नैयी बंधारा. हा प्रकल्प उभा राहिला तो आदिवासी शेतकऱ्याच्या शेतात कालव्याचं पाणी जावं म्हणून. त्यासाठी आदिवासी पाडे उठवले गेले. पुढे शहरं वाढली आणि सिंचनाचं पाणी एकेका करारानं पिण्याकडे आणि कारखान्यांकडे वळत गेलं. सूर्या प्रादेशिक योजनेतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला द्यायचं ठरलं: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. मीरा-भाईंदर तर आपल्या जिल्ह्यातही नाही, ते ठाण्यात.

शहराच्या तहानेवर माझा राग नाही. विरारच्या चाळीत रात्री दोन वाजता उठून पिंप भरणारी बाई आणि मासवणच्या काठावरची बाई, दोघींचं दुखणं सारखंच आहे. राग आहे तो वाटपाच्या रीतीवर. पाणी कुठून आणायचं हे ठरतं मंत्रालयात, जलवाहिनी टाकतं एमएमआरडीए, बिल पाठवते पालिका. ज्या डोंगरावर पाऊस पडतो, त्या डोंगरावरच्या ग्रामसभेचं नाव या साखळीत कुठेच येत नाही. कालव्याचं आवर्तन लांबलं की उन्हाळी भाताचं काय होतं, हे विचारायला शेतकऱ्याला मोर्चाच काढावा लागतो. सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीला रस्त्यावर उतरावं लागलं ते याचसाठी.

आणि ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडतो त्यांची अवस्था पाहा. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस होतो. मार्च उलटला की त्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडून हंडा भरणाऱ्या बायका तुम्ही वर्तमानपत्रात दरवर्षी पाहता. मुंबईच्या वैतरणेवरच्या धरणांचं पाणी याच डोंगरांतून जातं. त्यांतलं मोडकसागर १९५७ चं. इतक्या वर्षांत खालच्या शहरांनी वरच्या पाड्यांचा झरा जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपली मानली असती, तर आज हा टँकर तिथे दिसला नसता.

आता खाली बोईसरला या. इथलं सांडपाणी सूर्येत जात नाही, ते नाल्यांतून खाडीत आणि समुद्रात जातं. पण इथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लागणारं पाणी सूर्येचंच. म्हणजे नदी एका दारानं आत येते आणि दुसऱ्या दारानं रंग बदलून बाहेर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वरचा आकडा. पाम, टेंभी, कुंभवलीच्या लोकांना हा आकडा कोणी सांगायची गरज नव्हती, त्यांच्या विहिरींनी तो आधीच सांगितला होता. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे इथल्या मासेमारांना खाडीतल्या निवट्या आणि शिवल्या गेल्या तेव्हाच कळला होता. जवळच सातपाटी, पापलेटचं गाव. २०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं. राज्यमाशाला जगायला किनाऱ्याचं पाणी स्वच्छ लागतं.

२०१६ साली या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादाकडे गेली ती मासेमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. ही लढाई एकट्या मासेमारांची कशी? पाण्याचा पुरवठा ज्या खोऱ्यातून होतो तिथल्या गावांचे आणि सांडपाणी ज्या गावांवरून जातं त्यांचे ठराव एका गठ्ठ्यात बांधून पुढे गेले पाहिजेत. पण बोईसर शहर म्हणून वाढलं आणि कारभार सरावली, कोळवडे, कुंभवली, पास्थळ अशा एकाला एक चिकटलेल्या ग्रामपंचायतींत वाटलेला राहिला. या गल्लीतल्या इमारतीची शौचटाकी भरून वाहिली की मैला शेजारच्या ग्रामपंचायतीच्या नाल्यात. परवानगी एकाची, दुर्गंधी दुसऱ्याची.

"सगळ्यांना एका टेबलावर बसवणं होणार नाही," असं मला नेहमी सांगितलं जातं. होतं. आपल्याच जिल्ह्यात झालं आहे. डहाणू तालुक्याला १९९१ च्या अधिसूचनेनं संरक्षण दिलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते दोन दशकांहून अधिक काळ चालवलं. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणानं वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीज केंद्राला गंधक शोषणारी यंत्रणा बसवायला लावली. लोक येत, बोलत, त्यांचं ऐकून घेतलं जाई. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये बंदराला परवानगी दिली, त्याचं दुःख किनाऱ्यावर अजून ताजं आहे. पण अधिकार असलेलं एक टेबल काय करू शकतं, हे डहाणूनं दाखवून दिलं आहे.

आणखी लांब जायचं तर हिमाचलातलं पालमपूर पाहा. लहान गाव, तेव्हा लहान नगर परिषद होती. गावाचं पाणी बोहलच्या झऱ्यावरून येतं. २०१० मध्ये नगर परिषदेनं झऱ्यावरच्या गावांशी करार केला: तुम्ही जंगल राखा, आम्ही दरवर्षी पैसे देऊ. रक्कम होती १०,००० रुपये. एवढ्याशा रकमेनं वरचा माणूस आणि खालचा माणूस एका कागदावर आले. न्यूयॉर्कनं १९९७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं. अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प बांधण्याऐवजी कॅट्सकिलच्या डोंगरातली शेतं आणि गावं स्वच्छ ठेवायला शहरानं खर्च केला.

आपल्याला नवा कायदाही लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक प्रश्नांचा विचार करून आराखडा करणं हे तिचं काम, आणि त्या सामाईक प्रश्नांत पाण्याचं वाटप आणि पर्यावरण रक्षण ही दोन्ही राज्यघटनेनं नाव घेऊन लिहिली आहेत. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य या निवडून आलेल्या संस्थांतूनच यायचे असतात. टेबल तयार आहे. त्यावर निधीच्या याद्यांबरोबर नदीही ठेवा.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे.

पहिली. नियोजन समितीची सूर्या-वैतरणा खोरे उपसमिती करा. तिच्यात मोखाडा तालुक्यातला एखादा सरपंच, बोईसरचा सरपंच, पालघरचा नगराध्यक्ष आणि वसई-विरारचा महापौर शेजारी शेजारी बसू द्या. मीरा-भाईंदरलाही बोलवा, पाणी पिणाऱ्यानं बैठकीला यावं. पाणी कधी सोडणार, कधी बंद करणार, याचं वेळापत्रक काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या.

दुसरी. हजार लिटरमागे एक रुपया पाणलोटासाठी काढा. ४०३ दशलक्ष लिटरला दिवसाचे चार लाख तीन हजार होतात, वर्षाचे साडेचौदा कोटींच्या वर. शहरातल्या घराला हा रुपया जाणवणारही नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या ग्रामसभांच्या हातात हे पैसे द्या. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यानं त्यांना गावच्या पाण्यावर अधिकार दिलाच आहे. समतल चर, वनराई बंधारे, झऱ्याभोवतीचं जंगल, कामं त्यांना शिकवावी लागणार नाहीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाला गावातच मजुरी मिळेल आणि धरणातला गाळ कमी होईल.

तिसरी. मोठ्या गृहसंकुलाला किंवा कारखान्याला परवानगी देताना दोन उत्तरं घ्या: पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार. दुसऱ्या उत्तराखाली ज्या गावाच्या हद्दीत ते जाणार त्या ग्रामसभेचा ठराव जोडा. बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, बंदर, नवं शहर, सगळं एकदम अंगावर येत आहे. विकास हवा आहे, त्याला नकार नाही. पण पाण्याचा हिशेब आधी, नारळ नंतर.

परतताना पुन्हा वाघोबा खिंडीतून आलो. पालघरच्या जुन्या पाणी योजनेचं नावच आहे "पालघर व २६ गावे". नगर परिषद आणि २६ गावं एका जलवाहिनीवर. पैशावरून भांडणं होतात, थकबाकी निघते, तरी वाहिनी फुटली की पालघरच्या सोसायटीतला आणि गावातला नळ एकाच दिवशी कोरडा पडतो. त्या दिवशी दोन्हीकडचे लोक एकाच माणसाला फोन लावतात. वाहिनी आपली सगळ्यांची आहे हे आपल्याला कळलं आहे. तिच्या वरच्या टोकाला नदी आहे आणि नदीच्या वर डोंगर. मासवणच्या त्या बाईंना, "कोण सांगणार?" याचं उत्तर म्हणून एका कार्यालयाचं नाव आणि एक फोन नंबर देता आला पाहिजे. या पावसाळ्याआधी तेवढं तरी करा.