सगळेच बहादूर

जगात कुठेही गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला उणंदुणं बोलू दे, त्याचा पहिला निषेध नाट्यात होतो. नाट्यात म्हणजे राजापूर तालुक्यातल्या आमच्या नाटे गावात. रंगभूमीशी संबंध नाही, पण तात्यांचा निषेध एकदा पाहिला की तसाही समज होऊ शकतो.

तात्यांचं पेठेत किराणा-जनरल स्टोअर आहे, आंबोळगडच्या वाटेवर हापूसची बाग आहे आणि थोरला मुलगा मेलबर्नला आहे. ते सगळ्यात जास्त बोलतात ते या तिसऱ्या इस्टेटीबद्दल. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या कसोटीत प्रेक्षकांनी सिराजला शिव्या घातल्या, खेळ थांबला, सहा जणांना मैदानाबाहेर काढलं. तेव्हा तात्यांनी दुकानापुढच्या बाकड्यावरून जाहीर केलं, "आजपासून ऑस्ट्रेलियाच्या मालावर बहिष्कार!" मग आत जाऊन त्यांनी फळ्या उलथ्यापालथ्या केल्या. गूळ कोल्हापूरचा, कुळीथ गावचे, काडेपेटी शिवकाशीची. ऑस्ट्रेलियाचं म्हणावं असं काही सापडेना. शेवटी कांगारो कंपनीच्या स्टेपलरच्या पिना हाताला लागल्या, त्या त्यांनी तावातावाने मागच्या फळीवर ढकलल्या. कंपनी लुधियानाची आहे, हे त्यांना सांगण्याचा धीर कोणाला झाला नाही.

मुलाचा फोन रविवारी येतो आणि सोमवारी त्याची बातमी होते. "मास्तर, हा बघा अन्याय. पोराचं नाव एवढं सुंदर, पण ऑफिसात त्याला सॅम म्हणतात. का? तर म्हणे जिभेला जड जातं! घरमालक विचारतो, स्वयंपाकाला वास कसला येतो? आणि वर शाबासकी काय, तर तुम्ही इंडियन लोक कॉम्प्युटरात उपजतच हुशार. उपजत? रात्री जागून शिकलाय माझा पोरगा!" तात्यांचं यातलं एक अक्षर खोटं नाही. वंशवाद शिवी देऊनच येतो असं नाही, नाव न शिकण्यातून येतो, कौतुकातूनही येतो, हे ज्याला बाकड्यावर बसून कळलं त्याला पुस्तकाची गरज नाही. मेलबर्नमधला वंशवाद तात्या साता समुद्रांपलीकडून हेरतात. त्यांची नजर लांबची आहे.

जवळचं दाखवायचं तर बागेत जायला हवं.

आमच्या पट्ट्यात पाऊस सरला की नेपाळी येतात. काही साखरी नाट्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढतात, काही कलमांच्या बागांत राखणीला राहतात. मोहोर आला की फवारणी, कैरी धरली की वानर हाकणं, आंबा तयार झाला की झेल्याने उतरवणं, पेंढा घालून पेटी भरणं, आणि रात्रभर बॅटरी घेऊन राखण. मृगाच्या आत गावाला परत. त्यांच्यावाचून रत्नागिरीचा हापूस वाशीला पोचणं आता कठीण आहे, हे बागायतदारच सांगतात.

तात्यांच्या बागेत दर वर्षी नवा माणूस येतो आणि दर वर्षी त्याचं नाव बहादूर असतं. मागचा बहादूर उंच होता, त्याआधीचा बासरी वाजवायचा, त्याहीआधीचा वाजवत नव्हता, पण तात्या अजून त्यालाच बासरीवाला समजतात. बहादूर जातीबद्दल तात्यांचं शास्त्र पक्कं आहे. नेपाळी झोपत नाही. नेपाळ्याला थंडी वाजत नाही. त्याला मीठभात दिला की तो तृप्त. तो रक्तानेच इमानी असतो, फक्त दारू दाखवायची नाही. गावचा गडी संध्याकाळी हजेरी घेऊन घरी जातो, बहादूर चोवीस तास बागेत असतो आणि त्याला महिना मिळतो. दोन्हींचा हिशेब तासावर मांडून दाखवला तर तात्या म्हणतात, "अहो, त्यांना लागतं कुठे तेवढं?"

घरामागच्या पडवीत एक खिळा आहे. त्यावर कानाला टवका उडालेला, निळ्या फुलांचा एक कप टांगलेला असतो. बहादूर चहाला आला की तो खिळ्यावरून कप काढतो, काकू वरून चहा ओततात, पिऊन झाला की तो कप विसळतो आणि पुन्हा खिळ्यावर लावतो. बाकी सगळ्या कपांची जागा फडताळात. विचारलं तर काकू अगदी मोकळेपणाने सांगतात, "स्वच्छतेसाठी हो, दुसरं काय!" माणूस बदलतो, कप तोच राहतो. म्हणजे एका बहादुराचा उष्टा कप दुसऱ्या बहादुराला चालतो, तिथे स्वच्छतेचा प्रश्न येत नाही.

यावरून तात्या दुष्ट आहेत असं कोणी समजू नये. बासरीवाल्याच्या पोटात दुखलं तेव्हा रात्री दोनला स्वतःच्या गाडीत घालून त्याला रत्नागिरीला नेणारे तेच. आरडाओरडा ते सगळ्यांवर करतात. झेला मोडला तर पैसे सख्ख्या पुतण्याच्या हिशेबातूनही कापतात. त्यांचं सगळंच वागणं वंशवादात ढकललं तर खरा वंशवाद त्या ढिगाऱ्याखाली हरवेल. तात्या कंजूष आहेत, तापट आहेत, हे गुण त्यांनी सर्व मानवजातीला सारखे वाटले आहेत. फक्त नाव, कप आणि झोप या तीन गोष्टी एकाच प्रकारच्या माणसासाठी राखून ठेवल्या आहेत.

यंदा मुकादमाने एक पोरगा पाठवला. बाहेरून आलेल्या राखणदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, आणि अक्षर बरं म्हणून फॉर्म भरायला मला बोलावतात. (ही नोंदणी म्हणजेही वंशवाद, असं एक शहरी पाहुणा मला ऐकवून गेला होता. परदेशी नागरिकाची नोंद ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. चेहरा बघून कोणाला परदेशी ठरवायचं, गोम तिथे आहे.)

"नाव?" मी विचारलं.

"बहादूर लिहा," तात्या म्हणाले.

"आडनाव?"

"नेपाळी."

पोराने गुपचूप खिशातून आधार कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. नाव प्रकाश. पत्ता पश्चिम बंगाल, जिल्हा दार्जिलिंग. मतदान करतो, बंगळुरात दोन वर्षं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता, आंब्याचं झाड आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता.

तात्यांचा चेहरा पडला. "म्हणजे हा नेपाळी नाय?"

"भारतीय आहे."

"मग रात्री जागणार कसा?"

त्यांनी तिथल्या तिथे मुकादमाला फोन लावला. पेटीत डाग लागलेला आंबा निघाल्यावर लावतात तसा. "मी नेपाळी सांगितला होता. तू काय पाठवलंस?" पलीकडून बहुधा सांगण्यात आलं, की चेहरा तोच आहे, काम भागवा. काम भागवलं गेलं. नावाचा तेवढा पेच उरला. प्रकाश म्हणावं तर पेठेत चार प्रकाश आधीच आहेत, त्यातला एक तात्यांचा व्याही. "व्याह्याला आणि राखणदाराला एकाच नावाने हाक मारू? घोळ होईल घोळ. बहादूरच बरं." पोरगा काही बोलला नाही. सात-आठ दिवस तो या हाकेला वळून बघत नसे. तो मुद्दाम करत नव्हता, आपल्याला बोलावतायत हे त्याला कळतच नव्हतं. तात्यांनी निदान काढलं, "कानाने अधू दिसतोय."

आणि मग ती रात्र आली. तात्या बॅटरी घेऊन अचानक बागेत गेले, तर पोरगा मांगरात पांघरूण डोक्यावरून घेऊन गाढ झोपलेला. नेपाळी झोपत नाही हा सिद्धान्त त्यांच्या डोळ्यांदेखत घोरत होता. दुसरा कोणी असता तर त्याने सिद्धान्त टाकून दिला असता. तात्या सकाळी बाकड्यावर प्रसन्न मुद्रेने बसले होते. म्हणाले, "उलगडलं मास्तर. झोपतो कारण तो बंगाली आहे."

असल्या शास्त्राची गंमतच ही, की ते कधी हरत नाही. जागा राहिला तर रक्त, झोपला तर दुसरं रक्त. आणि हे शास्त्र काही तात्यांनी काढलेलं नाही. 1857 नंतर इंग्रजांनी लष्करभरतीसाठी इथल्या माणसांची लढवय्ये वंश आणि बाकीचे अशी विभागणी केली. गुरखा वरच्या यादीत गेला, तो जन्मजात पहारेकरी म्हणून आजतागायत आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर आणि बागांत उभा आहे. आणि खालच्या यादीत कोण गेलं? रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या लष्कराला पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले, त्यांत महार मोठ्या संख्येने होते. 1890 च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. पराक्रम कमी पडला म्हणून नव्हे, वंश यादीत बसला नाही म्हणून. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज लिहिला होता. एकाच तराजूच्या एका पारड्यात बहादूर, दुसऱ्यात आपल्याच जिल्ह्यातली माणसं.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघा! इंग्रजांनी आपल्या जिल्ह्यावर केवढा अन्याय केला!" निषेधाच्या गाठोड्यात आणखी एक निषेध जमा झाला. बहादुराचं पारडं तिथेच राहिलं.

मग मी कायद्याकडे वळलो. वांशिक भेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार 1965 साली झाला, भारताने तो 1968 मध्ये मान्य केला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण, कूळ किंवा राष्ट्रीय-वांशिक मूळ यांवरून केलेला भेद मोजताना हेतू *किंवा* परिणाम असं म्हटलं आहे. वगळणं, बंधन घालणं यांच्याबरोबर पसंतीसुद्धा त्यात धरली आहे.

"माझ्या मनात काय नाय हो," तात्या म्हणाले. "प्रेमाने म्हणतो बहादूर." यात ते एकटे नाहीत. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये 'कालू' म्हणत, त्याला वाटायचं काहीतरी चांगलं म्हणतायत. 2020 मध्ये अर्थ कळल्यावर त्याने जाब विचारला, तेव्हा त्यालाही प्रेमाचंच उत्तर मिळालं. तात्यांचं मन मी तपासू शकत नाही, आणि तपासलं तर स्वच्छच निघेल अशी माझी खात्री आहे. खिळ्यावरचा कप मात्र कोणालाही दिसतो.

रंगाचं प्रकरण काकूंच्या अखत्यारीत येतं. धाकट्या मुलीचं जमवताना काकू ज्याला-त्याला सांगत, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." दुकानात गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब पूर्वापार आहे. 2020 मध्ये कंपनीने नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. तात्यांनी कंपनीचं अभिनंदन केलं. गिऱ्हाइकं जुन्याच नावाने मागतात, तात्या जुन्याच जागेवरून काढून देतात.

मे महिन्यात मुलगा सुट्टीवर आला आणि बरोबर ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन मित्र घेऊन आला. आठवडाभर आधी तात्यांनी फोनवरून त्याचं नाव लिहून घेतलं, क्रिस्तोफर. मग बाकड्यावर तालीम सुरू झाली. "क्रिस्टोपर... नाय, फर... क्रिस्तो-फर." हळद तोलताना, सुटे पैसे मोजताना, तात्या पुटपुटत असत. घरी आलेल्या माणसाचं नाव चुकीचं घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांनी मला ऐकवलं. पाहुणा आला तेव्हा नाव एकदाही चुकलं नाही. फडताळातल्या सोनेरी काठाच्या कपबशा निघाल्या. उकडीचे मोदक झाले, यशवंतगड झाला, आंबोळगडचा समुद्र झाला. पाहुण्याने सुका बांगडा भाजल्याच्या वासाने नाक मुरडलं, तर काकूंनी त्याची समजूत काढली आणि खिडक्या उघडल्या.

पाहुण्याला 'तात्या' म्हणता येईना. तो 'टाटा' म्हणे. तात्या हरखून गेले. "मला टाटा म्हणतो!" पेठभर सांगून झालं. मुलाने हळूच म्हटलं, "बाबा, मला सॅम म्हणतात तेव्हा तुम्ही चिडता." तात्या म्हणाले, "ते वेगळं. हा प्रेमाने म्हणतो."

त्याच दिवसांत तात्यांचा फोन बंद पडला. राजापूर, रत्नागिरी सगळं करून झालं, कोणाला जमेना. प्रकाशने पडवीत बसून पाऊण तासात तो चालू करून दिला. तात्या खूष झाले, त्याला शंभराची नोट काढून दिली, आणि बाकड्यावर मला म्हणाले, "हे लोक हाताचे फार कुशल असतात हो. उपजतच."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरगा निघाला. जाताना नमस्कार केला, काकूंनी फणसपोळी बांधून दिली. एस.टी. वळणाआड गेल्यावर तात्यांनी दुरुस्त झालेला तोच फोन कानाला लावला.

"मुकादम, पोरगा चांगला होता हां, तक्रार नाय. पण पुढच्या वर्षी या भानगडी नको. पक्का नेपाळी दे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तात्या वैतागले. "नाव काय करायचंय मेल्या? नाव आमच्याकडे आहे!"