हात न लावता

किहीमला वाडी घेणारा मुंबईकर कोणत्या जातीचा आहे, हे त्याच्या गोठ्यावरून ओळखावं. जुन्या वाडीबरोबर गोठा येतोच. कोणी त्याला रंग-बिंग काढून पाहुण्यांना भाड्यानं देतो, कोणी तिथे चित्रं काढतो. निवृत्त प्रॉडक्शन इंजिनिअर मात्र ताबा मिळताच थ्री फेज मीटरसाठी अर्ज करतो.

आमच्या आळीतले मशीनकाका या शेवटच्या जातीचे. उभा जन्म मशीन शॉपमध्ये गेला, आता नारळीखाली झोपाळा टांगून स्वस्थ बसायचं, असं ठरवून ते इथे आले. झोपाळा टांगला. स्वस्थ बसणं राहिलं. किनाऱ्यावर सगळे सूर्यास्त बघत असतात तेव्हा काकांच्या डोक्यात वाऱ्यातलं मीठ असतं. अंधार पडायच्या आत जाऊन मशीनच्या स्लाइडवर तेल फिरवायची त्यांना घाई. तसे स्वभावानं मवाळ. पण सुतार 'सूतभर इकडेतिकडे चालतं हो' म्हणाला की त्यांचा चेहरा पडतो. एक सूत म्हणजे ३१७५ मायक्रॉन, आणि काका दहा मायक्रॉनसाठी रात्र जागणारे. गेल्या संकष्टीला त्यांनी ताटातला मोदक उचलून कळ्या मोजल्या. एकवीस भरल्या. "चोवीस घेतल्या असत्या तर प्रत्येक कळी बरोबर पंधरा अंशांवर बसली असती."

"पुढच्या चतुर्थीला उकड तुम्हीच काढा," काकू म्हणाल्या. "अंशांत."

गोठ्यातलं सीएनसी मिलिंग मशीन लहानसंच. काम चोख करतं, पण एका भोकासाठीसुद्धा त्याला आधी स्पॉट ड्रिल लागतं, मग ड्रिल, मग रीमर, मग काठ मारायला चॅम्फर. दर वेळी मशीन थांबतं, पडद्यावर 'टूल बदला' असा हुकूम येतो आणि काका झोपाळ्यावरून उठून, पाना घेऊन ड्रॉबार सैल करायला जातात. उठण्याचं त्यांना काही नव्हतं. हुकुमाचं होतं. "निवृत्त झालो ते काय यंत्राच्या हाकेला ओ द्यायला?" म्हणून त्यांनी त्याला ऑटोमॅटिक टूल चेंजर बसवायचं मनावर घेतलं.

तेव्हापासून काकांकडे चहाला जाणाऱ्याला इतिहास ऐकावा लागतो. अमेरिकेतल्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीनं १९५८ साली 'मिलवॉकी-मॅटिक' आणलं, स्वतःची टूलं स्वतः बदलणारं पहिलं मशीन. हे साल काका आपल्या लग्नाच्या सालापेक्षा चटकन सांगतात. मग तत्त्व येतं. टूल वर ओढून धरायचं ते डिस्क स्प्रिंगांच्या चळतीनं. सोडायचं असेल तेव्हाच वरून हवेच्या सिलिंडरनं ती चळत दाबायची. हे उलटं का नाही करायचं, असं ते विचारतात आणि आपण बिस्किट तोंडात घालेपर्यंत स्वतःच सांगतात: "वीज गेली, हवा गेली, तरी स्प्रिंग जागेवर आहे. धरणं स्प्रिंगकडे, सोडणं हवेकडे. उलट केलंत तर वीज जाताच टूल पायावर." शंभर मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर सहा बारच्या हवेवर जवळजवळ पावणेपाचशे किलोच्या जोरानं ढकलतो, हे ऐकल्यावर माणूस गोठ्याच्या दाराशीच उभा राहून "वा, वा" म्हणतो.

तो सिलिंडर त्यांनी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून स्वतः पारखून आणला. गेटवेला पिशवी तपासणाऱ्यानं विचारलं, हे काय? नुसतं 'पंपाचा भाग' म्हटलं असतं तर मांडव्याची लाँच चुकली नसती. काकांनी तत्त्व सांगितलं. पुढची खरेदी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं, गाडीच्या डिकीतून झाली.

याच किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अली येऊन राहिले होते आणि इथल्या सुगरण पक्ष्यांवर त्यांनी पाळत ठेवली होती. त्यांना आढळलं ते असं: नर घरटं अर्ध्यापर्यंतच विणतो, मग माद्या येऊन तपासतात. एखादीला पटलं तर ती आत राहते, नर घरटं पुरं करून देतो आणि लगोलग दुसरं विणायला घेतो. नापसंत घरटं अर्धवट लोंबत राहतं. काकांच्या गोठ्यात चार खिळ्यांना टूलं ठेवायची चार अर्धवट चक्रं लोंबताहेत. पहिलं प्लायवूडचं, ते पावसाळी हवेनं फुगलं. दुसऱ्याला पाहून काकूंनी, "हे फिरताना त्या खांबाला आपटणार नाही का?" एवढंच विचारलं होतं. आपटलं. तेव्हापासून प्रत्येक चक्र आधी काकूंना दाखवलं जातं. सुगरणीच्या नराला बिलं दाखवावी लागत नाहीत, तेवढा तो सुखी.

पाचवं पास झालं. सहा टूलांचं अॅल्युमिनियमचं चक्र, जिनिव्हा पद्धतीनं एकेक घर पुढे सरकणारं. मग भर पावसात, टूल बदलता बदलता वीज गेली. टूल पडलं नाही. स्प्रिंगनं शब्द पाळला. पण वीज आल्यावर स्पिंडलमध्ये होतं पाच नंबरचं लांब ड्रिल आणि कंट्रोलरच्या डोक्यात तीन नंबरचं आखूड. मशीन पूर्ण आत्मविश्वासानं खाली आलं. आवाज आमच्या ओसरीपर्यंत पोचला. काकांनी त्यानंतर प्रत्येक घराला सेन्सर लावला, आणि सेन्सरवर विश्वास नको म्हणून हातानं लिहायची एक पाटीही.

आता सगळं चालतं. प्रोग्राममध्ये 'एम सिक्स'ची, म्हणजे टूल बदलायची, ओळ आली की डोकं वर जातं, चक्र पुढे येतं, फुस्स होतं, आणि आठ सेकंदांत नवं टूल बसतं. झोपाळ्यावरून उठावं लागत नाही. काका तरी उठून बघायला जातातच. आजवर मशीननं बनवलं काय, हे मात्र कोणी विचारू नये. मुख्यतः हाच टूल चेंजर.

खरी पंचाईत पुढे झाली. वाडीचा गडी विहिरीच्या पंपाचं एक तोंड बंद करायला झाकणाची पट्टी घेऊन आला. "काका, दोन भोकं पाडून द्या." काकांचा उत्साहच मावळला. "दोन भोकं म्हणजे एका ड्रिलचं काम. टूल बदलणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी पट्टी मिळाली. दोन भोकं रीमरनं साफ केलेली, काठांना चॅम्फर, कोपऱ्यात कोरलेला ००१ हा नंबर, आणि मधोमध आटे पाडलेली चार जादा भोकं.

"ही कशाला?"

"चौथ्या घरात टॅप आहे," काका म्हणाले. "त्याला बसवून ठेवू?"

पट्टी लावून पंप सुरू केला तर चार चिळकांड्या उडाल्या. गड्यानं सायकल काढली, चोंढी नाक्यावरून नेमक्या मापाचे चार बोल्ट आणले आणि बिल काकूंना नेऊन दिलं.