पडलेल्याला सी, उभ्याला बी

कर्नाटकात घराला भिंत असो नसो, अक्षर असते. उभे असेल तर मालमत्ता-खात्याचे, पडले तर नुकसानीचे. मालकाला दोन्ही वेळा हवा असतो ‘ए’.

आधी पडलेली घरे. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर सरकारने प्रतवारी ठरवली. पाऊण घराहून जास्त गेले तर ‘ए’, पाव ते पाऊण गेले तर ‘बी’, त्याखाली ‘सी’. ‘ए’ला तेव्हा 5 लाख, ‘सी’ला 50 हजार. कागदावर झकास. पण बेळगाव जिल्ह्यातल्या गुंजी-खानापूरकडच्या पावसात मातीची भिंत बसते ती टक्केवारी विचारून बसत नाही. मागची गेली, पुढची फुगली, आढे कलले, कौले मात्र अजून वर. हे पाव की पाऊण? पंचनाम्याचे साहेब छत्री सावरत ‘सी’ लिहितात आणि चहा न घेता निघतात. रात्री घरधनी उरलेल्या भिंतीकडे बघत मनातल्या मनात माउली देवीला साकडे घालतो: आई, अजून एक दणकट सर येऊ दे. साडेचार लाखांचा प्रश्न आहे! आपलेच घर नीट पडावे म्हणून माणसाला नवस बोलायला लावणारी योजना दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही.

बरे, ते 5 लाख म्हणजे तेव्हाचा राज्याचा उदारपणा. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषात सपाटीवरचे अख्खे घर गेले तरी 1 लाख 20 हजार. तेवढ्यात चिरे आले तर गवंडी येत नाही.

आता उभी घरे. मंजुरी नसलेल्या प्लॉटवर घर असेल तर पाडायचे, असे आपण समजत होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने शहरांसाठी यावर तोडगा काढला: ‘बी’ (अनधिकृत) खाता घ्या, पहिल्या वर्षी दुप्पट कर भरा. घर अनधिकृत ते अनधिकृतच, घरपट्टी मात्र चोख अधिकृत. खेड्यात हेच पुण्यकर्म ग्रामपंचायतीचा नमुना 11ब करतो. पालिकांची तिजोरी रिकामी असते हे मान्य. पण नियम मोडणारा हाच भरवशाचा करदाता ठरला, तर नियम पाळणाऱ्याने करायचे काय?

आणि पालिका तरी नियम पाळते का? बेळगावात शहापूरकडे जा. स्मार्ट सिटीच्या निधीतून तिथे रस्ता झाला, फक्त जागा रीतसर संपादन करायची राहिली. किरकोळ बाब. मालक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले आणि भरपाईचा आकडा 20 कोटींवर पोचला. तेवढे द्यायचे कुठून, म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये महापालिकेने जागाच परत केली. रस्ता आधी, जागा नंतर, मग जागाही नाही आणि रस्ताही नाही. अनधिकृत बांधकाम महापालिकेचेच निघाले, तर दुप्पट कर कोणाकडून घ्यायचा, हे कोणत्याच नमुन्यात छापलेले नाही.