नवे येतात, समोसा खातात

(पुणे. शनिवार सकाळ. बाणेरमधल्या एका कंपनीचं कॅन्टीन. प्रोग्रॅमर मंडळींच्या मासिक मीटअपची चहाची सुट्टी.)

आयोजक : निघालात? अजून दोन टॉक बाकी आहेत!

नवखी : हो सर, जरा काम आहे.

आयोजक : सर नका म्हणू, इथे सगळे सारखेच. दर महिन्याला हेच होतं बघा. नवे येतात, समोसा खातात, गायब होतात. म्हणून आता टी-शर्ट वाटायचं ठरवलंय.

नवखी : म्हणजे समोसा खातील, टी-शर्ट घेतील आणि मग गायब होतील.

आयोजक : मग अडतंय कुठे?

नवखी : गेटवरच. वॉचमननं विचारलं, 'कुणाकडे जायचंय?' मला एक नाव सांगता येईना.

आयोजक : ग्रुपवर टाकलं होतं की!

नवखी : ग्रुपची लिंक आतल्या फळ्यावर आहे.

आयोजक : बरं, टॉक कसा वाटला?

नवखी : डॉकरपर्यंत समजला. मग कुबरनेटीस आलं...

आयोजक : तुम्हाला कुबरनेटीस माहीत नाही?

नवखी : न्यूयॉर्कला प्रोग्रॅमर मंडळींसाठी रिकर्स सेंटर आहे, तिथे नियमच आहे. समोरच्याला एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर आश्चर्याचा आव आणायचा नाही.

आयोजक : असा नियम आहे?

नवखी : तुम्हाला माहीत नाही?

आयोजक : (घसा खाकरून) चहाच्या वेळी बोलायचं ना कुणाशी तरी.

नवखी : गेले होते. चौघं गोल करून उभे, माझ्या वाट्याला नुसत्या पाठी. एरिक होल्शर या प्रोग्रॅमरचा पॅकमन नियम आहे : घोळक्यात नेहमी एका माणसाची जागा मोकळी सोडायची, त्या गेममधल्या उघड्या तोंडासारखी.

आयोजक : आम्ही सोडतो की जागा!

नवखी : तिथे तुमच्या बॅगा होत्या.

आयोजक : पण शेवटी फीडबॅक फॉर्म देतो आम्ही.

नवखी : शेवटपर्यंत जे थांबतात, त्यांना. निघून का गेलात, हे राहिलेल्यांनाच विचारता!

आयोजक : (विचार करून) पुढच्या महिन्यात गेटवर उभ्या राहाल? नव्यांना आत आणायचं, एकेका जुन्याशी गाठ घालून द्यायची.

नवखी : राहीन की.

आयोजक : बघा! थांबवलं की नाही एकीला?

नवखी : टी-शर्ट न देता. काम दिलंत म्हणून.

आयोजक : मग आता प्रत्येक नव्याला काम देऊन टाकू!

नवखी : काम नंतर द्या. आधी नाव तरी विचारा. माझंसुद्धा अजून विचारलेलं नाहीत.